एकशेवीस ग्रॅमची पुडी

बीटी कपाशीचे बियाणे बाजारात आले, त्यानंतर कितीतरी वर्षे त्याच्या प्रत्येक पाकिटात दोन वस्तू असत. एक ४५० ग्रॅमची पिशवी आणि तिच्या सोबतीला १२० ग्रॅमची लहानशी पुडी. पिशवीत बीटी सरकी, पुडीत साधी. पिशवीतील बियाणे शेतात लावायचे आणि पुडीतील सरकी त्याच शेताच्या चहूबाजूंनी कडेच्या ओळींत लावायची, असा नियम होता. यवतमाळ जिल्ह्यात, आणि खरे तर साऱ्या कापूसपट्ट्यात, या पुडीचे काय झाले ते कृषी केंद्र चालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. कोणी ती बांधावर फेकली, कोणी नांग्या भरायला वापरली, तर कोणाच्या घरी ती कोनाड्यात वर्षभर पडून राहिली. शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता. ज्या सरकीला अळी लागते तीच हाताने लावायची, आणि तीही स्वतःच्या जमिनीत, हे त्याला पटण्यासारखे नव्हते. दुकानात त्याने विचारले असते तरी नीट उत्तर देणारे विक्रेते थोडेच होते. बहुतेकांना ती पुडी कंपनीची एक औपचारिकता वाटत असे.

जनुकीय पिकांवरील आजचा सारा वाद या पुडीपाशी येऊन थांबतो. सर्वोच्च न्यायालयात मोहरीचा खटला चालतो, दिल्लीत जनुक-संपादित भाताच्या जाती जाहीर होतात, वाहिन्यांवर एक पक्ष विज्ञानाच्या बाजूने आणि दुसरा विज्ञानाच्या विरोधात उभा केला जातो. चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापूस घेणाऱ्या या जिल्ह्याचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा अनुभव मात्र वेगळाच प्रश्न विचारतो. प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू शेतापर्यंत पोहोचते ती व्यापाऱ्याच्या हातातून. त्या हातातून वस्तूसोबत तिची माहिती पोहोचते की नाही, हा तो प्रश्न होय.

आधी पुडीचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू मातीत आढळतो. बीटी हे त्याचेच लघुरूप. त्याच्यातील एक जनुक कपाशीत घातले की झाडाच्या प्रत्येक भागात एक विशिष्ट प्रथिन तयार होते. बोंडअळीच्या आतड्यातील द्रव अल्कधर्मी असतो. त्यात ते प्रथिन विरघळते, आतड्याच्या भिंतीला चिकटून तिला छिद्रे पाडते आणि अळीचे खाणे बंद होऊन ती मरते. माणसाच्या पोटात ना तसा द्रव आहे, ना ते प्रथिन चिकटेल अशी जागा. इथवर सारे ठीक आहे. परंतु लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी निघतेच, जिच्यावर या प्रथिनाचा परिणाम होत नाही. आजूबाजूला सगळी बीटी कपाशीच असेल, तर वाचलेल्या अळ्यांचे पतंग एकमेकांशीच जोडी जमवितात आणि पुढची पिढी जन्मतःच प्रतिकारक्षम होते. शेजारी साध्या कपाशीच्या चार ओळी असल्या, तर तेथे साध्या अळ्या भरपूर वाढतात. त्यांचे पतंग त्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांशी जोडी जमवितात, आणि त्यांची संतती बहुधा बीटीला बळी पडणारीच निघते. पुडीचे काम एवढेच. थोड्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे औषध टिकते.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर अळीचे बीटीला बळी पडणे हे या तंत्रज्ञानाचे मुद्दल आहे. कमी फवारण्या आणि वाढलेले उत्पन्न हे त्याचे व्याज. कडेच्या साध्या ओळींत जो थोडासा कापूस जातो, तो मुद्दल राखण्याचा खर्च. यवतमाळात आणि इतरत्रही तो खर्च कोणी केला नाही. दरवर्षी व्याजासोबत मुद्दलाचाही थोडा भाग उचलला गेला. खाते रिकामे झाल्याचे लक्षात यायला मात्र दीड दशक लागले.

सुरुवातीची वर्षे भरभराटीची होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९० च्या दशकात हिरव्या बोंडअळीने विदर्भातील शेतकरी हैराण झाला होता. एका हंगामात दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारण्या करूनही अळी मरत नव्हती. २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीचा मोठा हल्ला झाला, तेव्हा काही शेतांतील कपाशी मात्र हिरवीगार उभी होती. तपास केला तेव्हा ‘नवभारत १५१’ या बियाण्यात परवानगीविना बीटी जनुक असल्याचे उघडकीस आले. म्हणजे या देशात बीटीचा प्रवेश झाला तोच मागच्या दाराने. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. २००६ मध्ये दोन जनुके असलेले ‘बोलगार्ड-२’ आले. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींच्या घरात गेला. जिनिंगच्या आवारात जानेवारीतही गाड्यांची रांग हटत नसे. या वाढीचे श्रेय बीटीला किती आणि खते, सिंचन व नवी कीटकनाशके यांना किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती आणि अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लान्ट्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बीटीचे श्रेय बरेच कमी धरले. बीटीच्या पाठीराख्यांना तो निष्कर्ष मान्य नाही. परंतु हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, ही गोष्ट दोन्ही पक्ष मान्य करतात.

गुलाबी बोंडअळी निराळ्या स्वभावाची. ती जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. बोंडात शिरताना तिने पाडलेले छिद्र पुढे बुजून जाते, त्यामुळे बोंड फोडून पाहिल्याखेरीज आतील नासाडी कळत नाही. बाहेर दिसणारी खूण म्हणजे डोमकळी, गुलाबासारखी मिटून राहिलेली कळी. अशा अळीला विदर्भातील शेतीपद्धतीने आयतीच सोय करून दिली. आपल्याकडील बीटी ही संकरित आणि दीर्घ मुदतीची. जूनमध्ये लावलेली कपाशी ओलिताची सोय असेल तर मार्चपर्यंत फरदड म्हणून ठेवली जाते. दोन-चार क्विंटल जादा कापूस मिळतो, आणि अळीला थंडीभर खायला मिळते. संकरित वाणांची आणखी एक अडचण डॉ. क्रांती यांनी वारंवार दाखवून दिली. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांमध्ये विष असते, काहींमध्ये नसते. त्यामुळे अळीला कमी मात्रेची सवय होत जाते, जणू रोज थोडे थोडे पचवून ती तयार होते. अमेरिकेत कपाशीचे वाण सरळ आहेत. तेथे नियम पाळले गेले, नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले गेले आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. जनुक तेच होते.

आपल्याकडे काय घडले? २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत ही अळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे मोन्सॅन्टोनेच मान्य केले. आणखी चार-पाच वर्षांत ‘बोलगार्ड-२’चीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात ती लाट विदर्भावर आली.

ते वर्ष यवतमाळ जिल्हा विसरू शकणार नाही. पाऊस आणि दमट हवा यांमुळे त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. रसशोषक किडी होत्या, बोंडअळीची धास्ती होती. जुलैपासून फवारण्या सुरू झाल्या. जुन्या हातपंपाच्या जागी बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारे जोरकस पंप आले होते. त्यांचे तुषार बारीक, आणि झाडे डोक्याच्या वर. फवारणारा माणूस विषाच्या धुक्यातूनच चालत होता. अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. नोव्हेंबरपर्यंत जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व अन्यत्र दाखल करावे लागले. अनेकांच्या डोळ्यांपुढे कित्येक दिवस अंधारी राहिली. मृतांत मोठा भाग रोजंदारीवर फवारणी करणाऱ्या मजुरांचा होता. शेत त्यांचे नव्हते, औषधाची निवडही त्यांची नव्हती.

राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. काही विक्रेत्यांवर कारवाई झाली, काही कीटकनाशकांच्या विक्रीला या पट्ट्यात तात्पुरती बंदी घातली गेली. पुढे दोन मृतांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. वाद कोर्टात काय लागायचा तो लागो. परंतु या प्रकरणातील एक गोष्ट व्यापारी घरांनी डोळ्यांआड करू नये अशी आहे. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करून फवारल्याच्या घटना त्या वर्षी सर्रास पुढे आल्या. कीटकनाशक, बुरशीनाशक, वाढीचे टॉनिक असे सारे एकाच पंपात. एका डब्यावर लिहिलेली सूचना त्या एकाच औषधापुरती खरी असते. तिन्हींचे मिश्रण झाले की विषबाधा नेमकी कशाची, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही, आणि उतारा तर विषाप्रमाणे बदलतो. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील औषधाच्या बाधेवर ॲट्रोपिन चालते, प्रत्येक विषावर नव्हे. मग हे मिश्रण करायला सांगितले कोणी? कृषी विभागाने नाही, कृषी विद्यापीठानेही नाही. बहुतेक ठिकाणी तो सल्ला कृषी केंद्रातून मिळाला होता.

त्याचे कारण दुष्टपणा नव्हे. शेतकरी ज्या दुकानातून बियाणे उधारीवर नेतो, तेथूनच औषध नेतो, आणि पुष्कळदा कापूसही तेथेच घालतो. चुकाऱ्यातून उधारी वळती होते. बँकेचे पीककर्ज ज्याचे थकलेले आहे, त्याला दुसरे दारही नसते. अशा नात्यात दुकानदाराचा शब्द हा सल्ला राहत नाही, तो हुकूम होतो. पिकावर काय पडले आहे हे विचारायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे दुकानदारालाही जड जाते. फवारण्याची गरज नाही, चार दिवस थांबा, असे सांगण्यात गल्ल्याचे नुकसान आहे, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाण्याचा धोकाही आहे. जैन श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा उल्लेख आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. उपासकदशांग सूत्रात ती यादी आनंद श्रावकाच्या कथेत येते. त्या यादीचा आधार घेऊन काही कुटुंबांनी औषधविक्री सोडली आणि केवळ बियाणे, खते व अवजारे ठेवली. इतरांनी कालमानाचा विचार करून ती चालू ठेवली. हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे. परंतु ज्यांनी हा व्यवसाय पत्करला आहे, त्यांना डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या त्रिकोणाचा अर्थ माहीत नसणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

२०१७ मध्येच बोंडअळीने गेलेल्या पिकाच्या भरपाईसाठी शेतकऱ्यांनी बियाणे कंपन्यांविरुद्ध मोठ्या संख्येने अर्ज केले. महाराष्ट्रात कापूस बियाण्यांचा २००९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली हे अर्ज होते. अर्जासोबत बियाणे खरेदीची पावती लागत होती. कित्येकांच्या अर्जाचे घोडे पावतीपाशीच अडले.

आणि पावतीचा विषय निघाला की ‘चोर बीटी’चा निघतोच. तणनाशक सहन करणारी ही कपाशी, कागदोपत्री एचटीबीटी. तिची परवानगी मागणारा अर्ज मोन्सॅन्टोने २०१६ मध्ये मागे घेतला. वस्तू मात्र बाजारात होतीच. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, पाऊस लागून राहिला तर डवरणीही होत नाही. अशा वेळी ग्लायफोसेट मारले की तण मरते आणि कपाशी उभी राहते, याचे आकर्षण केवळ अडाणीपणाने उत्पन्न झालेले नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे जाहीरपणे लावून सत्याग्रह केला. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. संघटनेची मागणी तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची. विरोधकांचे म्हणणे असे की तपासणीवाचून एखादे जनुक शेतात सोडले की ते परत बोलावता येत नाही. शिवाय ग्लायफोसेटची नोंदणी कपाशीसाठी नव्हतीच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र या बियाण्यात एक उणीव उघड आहे. त्याला ना लेबल, ना लॉट क्रमांक, ना पावती. उगवले नाही तर जबाबदार कोणी नाही. गुजरात आणि तेलंगणाच्या वाटेने येणारी ही पाकिटे रात्री उतरतात आणि रोखीने विकली जातात. ‘बोलगार्ड-२’चे पाकीट केंद्राने ठरविलेल्या कमाल किमतीत, म्हणजे २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांत, पावतीसह विकणारा दुकानदार हंगामात मागे पडतो आणि विनापावतीवाला पुढे जातो. ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर शासनाने दिलेली उत्तरे पुरेशी नाहीत.

एक उत्तर शिक्षेचे होते. २०२३ मध्ये बनावट बियाणे, खते व कीटकनाशके यांच्याविरुद्ध राज्य शासनाने कडक विधेयके मांडली, तेव्हा राज्यभरातील विक्रेत्यांनी नोव्हेंबरच्या आरंभी तीन दिवस दुकाने बंद ठेवली. सीलबंद पाकिटात काय आहे हे विक्रेत्याला कसे कळणार, हा त्यांचा सवाल योग्य होता. पाकीट उघडून पाहायचे नाही आणि आतील मालाची शिक्षा मात्र भोगायची, हा न्याय नव्हे. परंतु त्याच युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग त्या दिवसांत कोणी बोलले नाही. सीलबंद पाकिटाची हमी विक्रेता देऊ शकत नाही हे खरे असेल, तर पाकिटासोबत तो जो तोंडी सल्ला देतो, त्याची हमी कोण देणार? तो सल्ला कंपनीने सील केलेला नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोडची तरतूद आहे. बियाणे कोणत्या उत्पादकाकडून निघून कोणत्या हातातून आले, ते त्यावरून दिसावे ही कल्पना. बिलाने व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला त्यात भिण्यासारखे काही नाही. मसुद्यातील दंडाच्या रकमा जबर आहेत, आणि कंपनीच्या चुकीचा भार विक्रेत्यावर पडू नये यासाठी व्यापारी संघटनांनी आग्रह धरलाच पाहिजे.

दरम्यान दिल्लीतील वाद पुढे सरकतो आहे. जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. केंद्राने जनुकीय पिकांविषयी राष्ट्रीय धोरण करावे, यावर मात्र दोघांचे एकमत होते. मे २०२५ मध्ये जनुक-संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या. त्यांत बाहेरचे जनुक नाही, भाताच्याच जनुकात बारीक दुरुस्ती आहे, म्हणून त्यांना बीटीसारखी कडक परवानगी लागत नाही. कापसासाठीही २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले आहे. नवे जनुक आज ना उद्या येईल. ते चांगले असेल किंवा नसेल, पण त्याच्यासोबत पुन्हा एखादी पुडी, एखादा नियम, एखादे पथ्य असणारच.

जुन्या पुडीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. शेतकरी ती लावत नाही आणि विक्रेता सांगत नाही हे अखेर मान्य करून, साधे बियाणे बीटीमध्येच मिसळून देण्याची पद्धत सुरू झाली. आता पाकीट ४७५ ग्रॅमचे येते. त्यातच साध्या सरकीचा अंश असतो, वेगळा काढून फेकता येत नाही. समजावून सांगण्याचे जे काम साऱ्यांनी मिळून टाळले, ते पाकिटानेच उरकून टाकले म्हणायचे. पण गुलाबी अळीने मुद्दल खाऊन झाल्यावर आलेली ही व्यवस्था आहे.

ज्या गोष्टी पाकिटात घालता येत नाहीत, त्या अजून दुकानातच सांगाव्या लागतात. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तरच फवारणीचा विचार करा. हिरवी बोंडे तोडून फोडून पाहा. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने विक्रेत्यांसाठी सुरू केलेला ‘देसी’ हा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम हेच शिकवितो. आठवड्यातून एक दिवस, दुकान सांभाळून. सुरुवातीला परवाना टिकविण्यासाठी नाइलाजाने जाणारे पुष्कळ असतात. पण ज्या घरातील मुलगा किंवा सून तो अभ्यासक्रम करून आली, त्या दुकानात डब्याआधी प्रश्न विचारला जातो. कपाशी किती दिवसांची, कीड कोणती पाहिली, याआधी काय मारले?

जिनिंगवाल्या कुटुंबांकडे तर या साखळीतील शेवटची कडी आहे. अळी सरकीत कोशात जाते, कापसासोबत गाडीत बसून जिनिंगच्या आवारात येते, आणि सरकीच्या ढिगातून पतंग होऊन पुन्हा आसपासच्या शेतांकडे उडते. म्हणून कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे की जिनिंगच्या आणि सरकी साठविण्याच्या आवारातही कामगंध व प्रकाश सापळे हंगामभर लावावेत, आणि उन्हाळ्यापूर्वी सरकी हलवून आवार झाडून घ्यावे. खर्च फारसा नाही. रोज सकाळी गाड्यांचे वजन ज्या वहीत मांडले जाते, तिच्याच पुढच्या रकान्यात रात्री सापळ्यात पडलेल्या पतंगांची संख्या मांडायची, एवढेच काम.